एकच अधिकृत प्रत

दप्तरीकाकांचा कुणावरही विश्वास नव्हता, आणि त्यात वैयक्तिक असं काही नव्हतं. कुलपावर नव्हता, म्हणून कुलूप लावल्यावर ते सात वेळा ओढून बघत. सात वेळा ओढल्याने ते सैल तर झालं नसेल, या शंकेने आठव्यांदा ओढत. घड्याळावर नव्हता, म्हणून घरात तीन घड्याळं होती. तिन्ही वेगवेगळी वेळ दाखवत असल्यामुळे तो अविश्वास रास्तच म्हणायला हवा. एकोणतीस वर्षं सरकारी रेकॉर्ड रूम सांभाळून ते निवृत्त झाले होते. खरं आडनाव लेटरबॉक्सवर होतं, पण इमारतीत ते कुणी वाचत नसे. सगळ्यांसाठी ते दप्तरीकाका आणि त्यांची बायको दप्तरीकाकू.

समोरच्या फोटो स्टुडिओला आग लागली ती सकाळी अकरा वाजता, काका गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या काकूंना चिमटे मोजून देत असताना. माणसं सगळी सुखरूप बाहेर आली. आग विझल्यावर काका खाली उतरले, कारण ती खरोखर विझली आहे की नाही हे बंबवाल्यांच्या भरवशावर सोडणं त्यांना पटेना. फुटपाथवर स्टुडिओवाला बसला होता. त्याच्या दोन्ही हातांत वितळलेल्या काळ्या प्लास्टिकचा एकेक गोळा होता.

"हे काय?" काकांनी विचारलं.

"हा कॉम्प्युटर, म्हणजे त्यातलं महत्त्वाचं," तो उजवा हात वर करत म्हणाला. मग डावा केला. "आणि हा बॅकअप. बारा वर्षांची लग्नं होती."

"बॅकअप ठेवला कुठे होता?"

"त्याच्याच शेजारी. हाताशी असावा म्हणून."

काकांच्या मनात पाल चुकचुकली. कारण त्यांचाही बॅकअप कॉम्प्युटरच्या शेजारीच, टेबलाच्या वरच्या खणात होता.

त्यात काय होतं ते सांगायला हवं, कारण पुढचा सगळा राडा त्यासाठीच झाला. फोटो होतेच, पण फोटोंचं काकूंना फारसं काही नव्हतं. लेक अडीच वर्षांची असताना काकूंनी तिचं बोलणं, गाणं, रुसणं, रडणं तीन कॅसेटींवर भरून ठेवलं होतं. ती लेक आता दूरदेशी नोकरीला. मागच्या खेपेला आली तेव्हा तिने त्या कॅसेटींमधलं सगळं कॉम्प्युटरमध्ये घालून दिलं. एकूण एक तास चाळीस मिनिटं. रोज दुपारी काकू इस्त्री करायला उभ्या राहत आणि तो आवाज लावत. घरात दोनच माणसं, पण कपडे रोज इस्त्रीला निघत. काकांचे हातरुमालसुद्धा दोनदा इस्त्री झालेले असत.

काकांनी ते कधी ऐकलं नव्हतं. दुपारची त्यांची झोपायची वेळ.

आता त्या तीन कॅसेटी कुठे गेल्या? तर रेकॉर्ड रूमचा एक दंडक होता: एका कागदाची एकच अधिकृत प्रत. पक्की प्रत तयार झाली की कच्ची नष्ट करायची, नाहीतर उद्या दोन प्रती दोन गोष्टी बोलायला लागतात आणि खरी कुठली यावर वाद होतो. काकांनी या दंडकावर एकोणतीस वर्षं काढली होती. लेकीचं विमान उडाल्याबरोबर त्यांनी कॅसेटी नष्ट केल्या. वहीत नोंद केली, 'नष्ट, तीन नग', आणि साक्षीदार म्हणून काकूंची सही घेतली. काकूंनी सही केली खरी, पण नंतर दोन दिवस त्या काकांशी फक्त मीठ हवं का, एवढंच बोलल्या.

आगीच्या दुसऱ्याच दिवशी खालच्या मजल्यावरचे विमेवाले वर आले. हा गृहस्थ विमा विकायचा आणि सदा हसायचा. या दोन गोष्टींपैकी एकीचा तरी काकांना संशय यायलाच हवा होता, त्यांना दोन्हींचा येई.

"काका, तुमचा बॅकअप कुठे असतो?" खुर्चीत टेकायच्या आत त्यांनी विचारलं.

"का?" काका म्हणाले.

"नाही, कालचं बघून सुचलं. एक प्रत घरात असावी, एक घराबाहेर. साधं आहे. तुमची एक मी माझ्याकडे ठेवतो, माझी एक तुम्ही ठेवा. दोन्ही घरं एकदम थोडीच जळणार?"

काकांनी त्यांच्याकडे नीट बघून घेतलं. आपण होऊन दुसऱ्याची वस्तू सांभाळायला तयार होणारा माणूस त्यांनी नोकरीत पाहिला नव्हता. आपापल्या वस्तू सांभाळणारेही फार पाहिले नव्हते.

"विचार करून सांगतो," ते म्हणाले. विमेवाले गेल्यावर त्यांनी खणाला कुलूप लावलं.

"अहो, चांगलं सांगत होते की ते," काकू म्हणाल्या.

"म्हणूनच," काका म्हणाले.

बातमी जिन्याने वर-खाली झाली आणि सल्ल्यांना ऊत आला. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त बाईंनी बॅकअपची डिस्क फ्रिजमध्ये ठेवायला सांगितली, कारण त्यांच्या उभ्या आयुष्यात त्यांनी जळलेला फ्रिज पाहिला नव्हता. लिफ्टवाल्याचं मत पाण्याच्या टाकीला पडलं. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "आग लागूच द्यायची नाही, हा उत्तम उपाय," आणि आपण काहीतरी फार मोठं बोललो अशा चेहऱ्याने निघून गेले. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि अग्निरोधक तिजोरी घ्यायचं ठरवलं.

तिजोरीवाला बोलका होता. "एक तास आग सोसते साहेब. आतला कागद पिवळासुद्धा पडत नाही."

"आणि डिस्क?"

"कागद पिवळासुद्धा पडत नाही," तिजोरीवाल्याने पुन्हा सांगितलं. काकांनी ताडलं की डिस्कचं उत्तर याच्याकडे नाही. ते तडक अग्निशमन केंद्रात गेले. तिथले अधिकारी खरंच सज्जन होते. त्यांनी चहा मागवून समजावलं, की अशा तिजोरीत आतली हवा दीड-पावणेदोनशे अंशांपर्यंत तापू शकते. कागद तेवढं सोसतो, पण डिस्क पन्नास-पंचावन्नच्या वर गेली की तिचा भरवसा नाही. डिस्कसाठी वेगळी, जास्त जाड भिंतींची तिजोरी मिळते.

"हे लेखी द्याल?" काकांनी विचारलं.

अधिकाऱ्यांचा उत्साह जरा मावळला. "बाहेर खिडकीवर अर्ज करा."

खिडकीवर एकच छापील अर्ज मिळत होता, आणि तो लागून गेलेल्या आगीसाठी होता. त्यात 'आग लागल्याची तारीख व वेळ' असा रकाना होता. काकांनी प्रामाणिकपणे लिहिलं, 'अद्याप लागलेली नाही.' 'आगीचे कारण' यापुढे लिहिलं, 'चौकशीअंती कळेल.' खिडकीतल्या कारकुनाने अर्ज वाचला, चष्मा काढला, पुन्हा वाचला, आणि त्यावर तांबड्या शाईने 'अपूर्ण' असा शेरा मारून परत केला.

काका पायरीवर जाऊन बसले. हा शेरा त्यांनी स्वतः हजारो अर्जांवर मारला होता. त्याची शाई दुसऱ्या बाजूने इतकी तांबडी दिसते, हे त्यांना आजवर माहीत नव्हतं. असे एकूण चार अर्ज झाले, चारही अपूर्ण ठरले, आणि चारही काकांनी फाइलीत जपून ठेवले.

शेवटी जाड भिंतींची तिजोरी आली. उंचीला टीपॉयएवढी आणि वजनाला एकशे चाळीस किलो. लिफ्टवाल्याने ती बघितली आणि लिफ्टमध्ये स्वतःच उभा राहिला, तिजोरीला जागा उरू नये म्हणून. चार हमालांनी ती जिन्याने चढवायला घेतली. दुसऱ्या मजल्यापर्यंत पोचली आणि तिथे सेक्रेटरी आडवे आले.

"एवढं वजन तुमच्या जमिनीला पेलवेल का? इंजिनियरचं पत्र लागेल. आणि आत काय ठेवणार?"

"खाजगी आहे," काका म्हणाले.

हा शब्द वापरायला नको होता. संध्याकाळपर्यंत काकांकडे सोनं असल्याचं इमारतीला कळलं. सकाळपर्यंत ते रेकॉर्ड रूममधून आलं असल्याचंही कळलं.

पत्र मिळायला तीन दिवस लागले. ते तीन दिवस तिजोरी दुसऱ्या मजल्यावर, नेमकी विमेवाल्यांच्या दारासमोर उभी होती. काका घरातून स्टूल घेऊन आले आणि दिवसभर तिच्याशेजारी बसून राहिले. तिजोरी रिकामी होती. तिच्यात चोरण्यासारखं काही नव्हतं आणि ती स्वतः चोरायची तर चार हमाल लागले असते. पण राखण करायची म्हणजे करायची. येणारेजाणारे आधी तिजोरीकडे बघत, मग काकांकडे, मग घसा खाकरून पुढे जात. विमेवाले दर दोन तासांनी दार उघडून चहा विचारत.

"घ्या हो काका, किती वेळ बसाल?"

"नको."

"बिस्किट तरी?"

इतका आग्रह काकांना सरळ वाटेना. चहा प्यायलेला माणूस केव्हातरी उठून आत जातो, हे या माणसाला पक्कं ठाऊक असणार. त्यांनी तीन दिवस चहाला स्पर्श केला नाही आणि तिसऱ्या दिवशी त्यांचं डोकं फुटायची वेळ आली.

अखेर तिजोरी घरात आली आणि हॉलच्या कोपऱ्यात विराजमान झाली. काकांनी डिस्क कापडात गुंडाळली, डब्यात घातली, डबा आतल्या कप्प्यात ठेवला. दार लावलं, मूठ आठ वेळा ओढली. मग कॉम्प्युटरसमोर बसून त्यांनी, चाळीस वर्षांच्या फोटोंसकट, लेकीच्या आवाजासकट, सगळं पुसून टाकलं. पक्की प्रत तिजोरीत होती. आता कच्ची कशाला? वहीत नोंद झाली. साक्षीदाराची सही मात्र या वेळी मिळाली नाही, काकू स्वयंपाकघरातून बाहेरच आल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या इस्त्री घेऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "डिस्क द्या."

काकांनी एक रजिस्टर काढलं. लाल कापडी पाठीचं, स्वतः आखलेलं. तारीख, वस्तू, नेणाऱ्याची सही, परत केल्याची वेळ, आणि 'कारण'.

"माझ्याच घरात मी सही करू?"

"नियम सगळ्यांना सारखा. मीसुद्धा करीन."

काकूंनी सही केली. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'लेक आठवली.' काकांनी ते वाचलं आणि हात सवयीनेच तांबड्या पेनाकडे गेला. शेजारी शेरा पडला, 'कारण अपुरे.' डिस्क त्यांनी दिली, नाही असं नाही. पण शेरा पडला तो पडला.

पुढल्या आठवड्यात काकूंनी आणखी एकदा डिस्क नेली. त्या दिवशी काका पेन्शनच्या कामाला बाहेर जाणार होते, म्हणून दोन तासांच्या बोलीवर. परत केली ती वीस मिनिटं उशिरा, आणि तसा शेराही पडला. त्यानंतर काकूंनी डिस्क कधी मागितलीच नाही.

सुरुवातीला काकांना हे शिस्तीचं फळ वाटलं. मग संशय आला. बायको भांडत होती तोवर सगळं ठीक होतं. आता ती भांडत नव्हती, दुपारी निवांत इस्त्री करत होती आणि कधीकधी स्वतःशीच हसत होती. एकदा बाजारातून आले तर विमेवाले त्यांच्याच दारातून बाहेर पडत होते. काकांना बघून हसले, "येतो काका," म्हणाले आणि भरभर जिना उतरले. आत काकूंनी बटणांच्या डब्याचं झाकण घाईने लावलं.

"कशाला आला होता?"

"सहज."

"सहज म्हणजे?"

"सहज म्हणजे सहज. तुमच्या रजिस्टरात हा रकाना नाही का?"

काकांना दोन रात्री झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी सोसायटीकडे लेखी तक्रार केली: 'दुसऱ्या मजल्यावरील विमाव्यावसायिक हे अर्जदाराच्या गैरहजेरीत अर्जदाराच्या तिजोरीच्या आसपास वावरत असतात, तरी त्यांच्या हेतूची चौकशी व्हावी.' सेक्रेटरींनी ती भर मीटिंगमध्ये मोठ्याने वाचली. विमेवाल्यांचं हसू पहिल्यांदाच गेलेलं सगळ्यांनी पाहिलं. ते एक शब्द बोलले नाहीत, मान खाली घालून बसून राहिले. काकांना वाटलं, चोर सापडला. काकूंनी मात्र घरी येऊन त्यांच्यापुढे ताट आदळलं.

असे आणखी पाच महिने गेले. सहामाही तपासणी हा रेकॉर्ड रूमचा आणखी एक दंडक. ठरल्या तारखेला काका अंघोळ करून तिजोरीपुढे बसले, किल्ली फिरवली, मूठ ओढली.

आतून बंद तळघरासारखा वास आला. डब्याचं झाकण गंजून चिकटलं होतं. कापड ओलसर आणि हिरवट. डिस्कच्या पिनांवर तांबूस पापुद्रा, आणि काकांनी सुवाच्य अक्षरात लिहिलेल्या 'अधिकृत प्रत' या लेबलावर बुरशी. डिस्क कॉम्प्युटरला लावली तर दोनदा टकटक करून गप्प झाली.

तिजोरीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "साहेब, भिंतींमध्ये ओलसर मसाला असतो. आग लागली की त्याची वाफ होते, म्हणून तर आत गार राहतं. पण दर पंधरवड्याला दार उघडं ठेवून हवा द्यावी लागते. आपण उघडत नव्हता का?"

काका उघडत नव्हते. उघडणार कोण आणि कशाला? मागायला कुणी येतच नव्हतं.

डिस्क घेऊन ते कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या बाईंकडे गेले. त्यांनी डिस्क खोलून भिंगातून पाहिली आणि मान हलवली.

"हिचं काही खरं नाही. पण ही बॅकअपची ना? मग मूळ आहेच की."

"मूळ नष्ट केलं," काका म्हणाले. "पक्की प्रत झाल्यावर."

बाईंनी भिंग खाली ठेवलं. "कॉम्प्युटर आणा, पुसलेलं कधीकधी निघतं."

काकांनी कॉम्प्युटर नेला. पण पुसलेल्या जागेवर नवीन काही भरलं की खालचं जातं, असं बाईंनी सांगितलं. आणि काय भरलंय ते त्यांनी पडद्यावर दाखवलं. कॉम्प्युटर पुसल्यावर काकांनी त्यात भरलेले अग्निशमन केंद्राचे चार अर्ज, प्रत्येक तीन-तीन वेळा स्कॅन केलेला, इंजिनियरचं पत्र, सोसायटीकडची तक्रार आणि तिची पोच. फोटो थोडेफार निघाले. आवाज एकही नाही.

कॉम्प्युटर घेऊन परतताना काका सावकाश चालत होते. आयुष्यात पहिल्यांदाच ते कुठलंच कुलूप न ओढता बाहेर पडले होते आणि तेही त्यांच्या लक्षात नव्हतं. तीन कॅसेटी त्यांनी स्वतः फोडल्या होत्या. कॉम्प्युटर स्वतः पुसला होता. स्टुडिओवाल्याचं नशीब म्हणायचं, त्याचं निदान आगीने तरी नेलं. आता ते बायकोला कुठल्या तोंडाने सांगायचं? इतक्या वर्षांत तिने या घरात स्वतःसाठी जपून ठेवलेली ती एकच गोष्ट होती, आणि ती काकांनी जपतो जपतो म्हणून घालवली. त्यांना मनापासून रडू येत होतं.

काकू इस्त्री करत होत्या. काका रजिस्टर हातात घेऊन समोर उभे राहिले, का घेतलं ते त्यांनाही कळलं नाही.

"अगं, ती डिस्क..." ते म्हणाले. "तिच्यातलं गेलं सगळं. मी घालवलं. कॉम्प्युटरवरचंही मीच..."

काकूंनी इस्त्री उभी केली. नवऱ्याचा चेहरा बघून त्यांचा पाच महिन्यांचा राग जरा हलला असावा. त्यांनी बटणांचा डबा उघडला, बटणं चाळली आणि अंगठ्याएवढा एक पेनड्राइव्ह काढून त्यांच्या हातावर ठेवला.

"हे काय?"

"तेच. वीस मिनिटं उशीर झाला होता ना, शेरा मारलात, त्या दिवशी खाली विमेवाल्यांकडून करून घेतलं. एक इथे, एक त्यांच्या कपाटात, एक लेकीला पाठवलं. मध्ये हे चालेना, तर बिचारे वर येऊन दुसरं देऊन गेले. सहज."

"तीन प्रती!" काका सवयीने ओरडले. "यातली अधिकृत कुठली?"

काकूंनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. काकांनी रजिस्टर टेबलावर ठेवलं.

"मीटिंगमध्ये ते बोलले का नाहीत मग? एका वाक्यात माझं तोंड बंद झालं असतं."

"मी शपथ घातली होती, तुम्हाला सांगायचं नाही म्हणून. तुम्ही तेही नष्ट केलं असतं."

काका तसेच खाली गेले. विमेवाल्यांनी दार उघडलं, या वेळी हसले नाहीत. काकांनी तोंडी माफी मागितली आणि तक्रार लेखी मागे घेण्याचा अर्जही हातात दिला. विमेवाल्यांनी तो उभ्याउभ्या वाचला. मग त्यांनी चहा विचारला आणि काका आत जाऊन दोन कप प्यायले.

वर आले तेव्हा आवाज सुरू होता. काका खुर्चीच्या काठावर टेकले. खरखर होती, मागे भांडी वाजत होती, आणि मध्येच एक अडीच वर्षांचा, फार जबाबदार आवाज म्हणाला, "बाबा, कुलूप ओधलं? पलत ओध."

मग एक पुरुष खळखळून हसला. "ओढलं गं बाई, सात वेळा ओढलं."

"पलत!"

आणि पुन्हा ते हसणं. काकांना आधी कळेना हा कोण. मग कळलं. आपण असं कधी हसत होतो याची कुठेच नोंद नव्हती. काकू रोज दुपारी हातरुमाल इस्त्री करता करता हे ऐकत होत्या, आणि ते शेजारच्या खोलीत झोपलेले असायचे.

एवढ्यात तुकडा संपला.

"परत लाव ना तेवढंच," काका म्हणाले.

काकूंनी टेबलावरचं रजिस्टर उघडून त्यांच्यापुढे सरकवलं, वर पेन ठेवलं. काकांनी मुकाट्याने तारीख घातली, सही केली. कारणाच्या रकान्यापाशी ते बराच वेळ थांबले आणि मग लिहिलं, 'लेक आठवली.'

काकूंनी ते वाचलं. "कारण अपुरं आहे," त्या म्हणाल्या आणि बटण दाबलं.